ब्लॉक

हा शब्द आमच्याकडे राहायला आला, अडवायला नव्हे.
"सिडकोत ब्लॉक लागला, तिसऱ्या स्कीमला,"
असं म्हणून नानांनी पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला.
दोन खोल्या, मोरी,
गच्चीवर गेलं की पांडवलेणीचा डोंगर.

पाचवीत बाईंनी फळ्यावर स्पेलिंग लिहिलं,
पुढे अर्थ : अडथळा.
मी हात वर केला. "बाई, चुकलं.
ब्लॉक म्हणजे घर."
वर्ग हसला. बाईसुद्धा.

नाना भद्रकालीतल्या छापखान्यांना ब्लॉक करून द्यायचे.
जस्ताचा पत्रा, अ‍ॅसिड, खाली सागवानी ठोकळा.
पडलेले आणि निवडून आलेले उमेदवार,
पत्रिकेवरचे गणपती,
पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतल्या नथ घातलेल्या म्हाताऱ्या,
सगळे उलटे.
पिवळ्या पडलेल्या नखाने त्यांचे गाल घासून बघत
नाना म्हणायचे, "उलटं असेल तरच सुलटं उमटतं."
ऑफसेट आलं तेव्हा
दोन पोती ब्लॉक किलोवर गेले.

आता विश्रामने मला ब्लॉक केलंय.
त्याच्या फोटोच्या जागी राखाडी डोकं,
कुणाचंही असू शकेल असं.
कारण नानांच्या ब्लॉकच्या कागदावर माझी सही नाही.
मी नाही म्हणाले नाही.
मी "बघू" म्हणाले.
अकरा महिने.

वहिनी म्हणते, ताईंनी खोडा घातला.
मावशी म्हणते, कशाला गं मोडता घालतेस.
वकिलाने पाचर म्हटलं, सासूने आडकाठी.
आपल्याकडे माणसाला अडवायचं तर लाकूडच लागतं,
खीळ तेवढी लोखंडाची.
आणि मी कुठे सुतारीण आहे?
मी नुसती बसले होते,
हाताची घडी घालून,
शाळेत शिकवलं तशी.

मंगळवारी ऋजुताचा फोन. रडत होती.
"आत्या, पप्पांना ब्लॉक निघालाय. दोन.
एक नव्वद टक्के."
क्षणभर मला वाटलं, सोडत.
क्षणभर मला पेढ्यांचा वाससुद्धा आला.

रिक्षा मुंबई नाक्याला अडकली.
फुटपाथचे पेव्हर ब्लॉक उपटून
तसलेच पेव्हर ब्लॉक बसवत होते.
रिक्षावाला म्हणाला, "यांचं कायमचंच आहे मावशी.
तिकडं रामकुंडाच्या तळाला काँक्रीट ओतलंय,
खालच्या झऱ्यांनी काय वरती अर्ज करायचा?"
मी काही बोलले नाही.
खालच्या झऱ्यांचा विचार
मी अकरा महिन्यांत केला नव्हता.

विश्राम भिंतीकडे तोंड करून.
हाताला सुई, पायात माझ्या लग्नातले नव्हेत
पण तसेच करड्या रंगाचे मोजे.
वहिनी उठून चहाला गेली, मुद्दाम.
मी पिशवीतून तो काढला.
पोत्यातून वाचलेला एकच,
नानांनी हात बसावा म्हणून केलेला :
आम्ही दोघं, मी आठ, तो पाच,
गोदाघाटावर, तोंडं वाकडी, उन्हामुळे.
लॉकरवर, सफरचंदांशेजारी ठेवला.

बऱ्याच वेळाने तो वळला.
हातात घेतला, खिडकीकडे तिरका धरला,
जस्तावर उजेड सरकेल असा.
बोटाने आधी माझी वेणी चाचपली,
मग स्वतःचं नाक.

"तू डावीकडे कशी? तू तर उजवीकडे होतीस."

"उलटं आहे रे ते."

"हां," म्हणाला. आणि थोड्या वेळाने परत, "हां."

पिशवीत कागद होता. पेनही होतं.
त्याने विचारलं नाही,
मी काढलं नाही.
सफरचंद सोलायला घेतलं,
साल तुटू न देता,
किती लांब जाते
बघू.